मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरचं जेवण

आजच्या सोहळ्याच्या अध्यक्षा, मोहझरी गावच्या सरपंच माननीय अर्पिताताई गावंडे; दवाखान्याची गर्दी बाजूला ठेवून उमरखेडहून खास आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर सुरभी भोयर; व्यासपीठावरचे आमचे आगारातले साहेब; गावाचे वडीलधारे पुंडलिकराव आणि कोकिळाकाकू; जैबुनबी खाला; ज्यांच्यासाठी हा मांडव घातला ते सत्कारमूर्ती चालक प्रेमसिंग आडे; त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, आयुष्यात पहिल्यांदाच या गावात आलेल्या जमनीभाभी; आणि समोर बसलेल्या, उभ्या असलेल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून बसलेल्या माझ्या तमाम प्रवासी बंधू-भगिनींनो!

प्रवासी म्हणालो, त्याला माझा इलाज नाही. मी जफर शेख, या गाडीचा वाहक. तुमच्यापैकी प्रत्येकाला मी तिकीट दिलं आहे, आणि ज्यांनी चुकवलं तेही मला ओळखतात. भाषणाची मला सवय आहे, पण ती ‘मागं सरका, आत लई जागा आहे’ एवढ्याच भाषणाची, आणि तेही तुम्ही कधी ऐकलं नाही. आज कोणाला उतरायची घाई नाही, दाराला लोंबकळणारं कोणी नाही, म्हणून दोन शब्द जास्त बोलणार आहे.

प्रेमसिंगभाऊंच्या सेवेबद्दल साहेब बोलले. अपघात नाही, तक्रार नाही, गाडी कधी वाटेत सोडली नाही. सगळं खरं. सरपंचताई त्यांच्या स्वभावाबद्दल बोलल्या. तेही खरं, फक्त घाटात समोरून ट्रक दामटत आला की भाऊ काय बोलतात, ते ताईंनी ऐकलेलं नाही. मग माझ्या वाट्याला काय उरलं? माझ्या वाट्याला भाऊंचं पोट उरलं. हसा, हसा. पण या पोटापायी हा माणूस एकदा स्टेअरिंगवरून उतरायच्या बेतात आला होता, हे इथं निम्म्या लोकांना माहीत आहे आणि निम्म्यांना नाही. आज निरोपाच्या दिवशी ते सगळ्यांना कळावं, असं मला वाटतं.

ड्रायव्हरचं जेवण म्हणजे काय असतं, सांगतो. तुम्ही भूक लागली की जेवता. आम्ही गाडी थांबली की जेवतो. ज्या हॉटेलावर गाडी लावायची, त्या हॉटेलात चालक-वाहकाचं ताट आपोआप पुढं येतं, हा रिवाज तुम्हालाही ठाऊक आहे. त्या वेळी भूक आहे का, हे कोण विचारतो? आज पहाटेची ड्युटी, तर उजाडायच्या आत आलूबोंडा. उद्या लांबची फेरी, तर दुपार कलल्यावर पोळी-भाजी. परवा तिसरंच. कॅलेंडर पाहून ड्युटी कळते, पण पोटाला कोण कॅलेंडर दाखवणार?

त्यात आमची ही मोहझरीची मुक्कामी गाडी. दिवेलागणीला गावात यायची, सकाळी पहिली फेरी घेऊन निघायची. आणि मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला या गावानं कधी डबा उघडू दिला नाही. आज या घरी, पुढच्या मुक्कामाला त्या घरी. पाळी कोणाची, हे गावातल्या बायकांना तोंडपाठ. कोणी लग्नाला गेलं तर शेजारीण पाळी उचलायची, आम्हाला पत्ताही लागायचा नाही. मी पुष्कळ गावांचं पाणी प्यालो आहे, पण परक्या माणसाला इतकं आपलं मानणारं गाव मी दुसरं पाहिलं नाही. हे तोंडावर सांगतो, कारण एरवी तोंडावर आपण सुट्या पैशांवरून भांडतोच.

पण एक गोष्ट होती. पाहुण्यानं एकट्यानं जेवायचं नाही, घरच्या कर्त्या माणसानं त्याच्या पंगतीला बसायचं, अशी इथली रीत. कर्ता माणूस शेतातून येणार, ढोरांचं पाहणार, अंघोळ करणार, मंदिरात भजनाला जाणार, आणि मग घरी येणार. तोवर आम्ही ओट्यावर. तोवर तीन चहा, चिवड्याची एक बशी, वर ‘आता झालंच’. गाव पेंगायला लागलं की पानं मांडली जायची. आणि काय पानं! गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरून तुपाची वाटी. ‘एक घ्याच’, ‘अर्धा तरी घ्या’, ‘आमची शपथ हाय’. जेवण झालं की भाऊ तलावाच्या पाळीवर, त्या बांधावर, एक चक्कर मारायचे आणि गाडीत येऊन शेवटच्या बाकावर आडवे. शेवटचा घास आणि पहिलं घोरणं, यांच्यामध्ये फक्त ती चक्कर आणि गाडीचा दरवाजा.

भाऊंचं वजन कसं वाढलं, हे मी बाजूला उभं राहून पाहिलं आहे. पहिल्यांदा स्टेअरिंग आणि पोट यांच्यामधून हात जायचा. मग रुमाल जायचा. पुढं पुढं हवाही जरा वाकडी होऊनच जायची.

मग आमची नेहमीची वैद्यकीय तपासणी आली. डॉक्टर मॅडमनी साखर पाहिली, वजन पाहिलं, रक्तदाब पाहिला आणि भाऊंना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, ‘तीन महिन्यांनी मी पुन्हा तपासणार. हे आटोक्यात आलं नाही, तर तुम्हाला गाडी चालवायला योग्य म्हणून मी लिहू शकणार नाही. तुमच्या मागं प्रवासी बसलेले असतात.’ मॅडम, तुम्ही बरोबर बोललात. पण दवाखान्याच्या बाहेर कडुनिंबाखाली हा माणूस किती वेळ नुसता उभा राहिला, ते तुम्ही पाहिलं नाही. मी पाहिलं. मला म्हणाले, ‘जफर, डेपोत बसून दुसऱ्यायच्या गाड्या मोजू काय मी आता?’

ज्याला गाडीच्या आवाजावरून कोणता नट ढिला आहे ते कळतं, ज्याच्या हातातलं स्टेअरिंग हे त्याच्या अंगाचाच भाग झालेलं असतं, त्याला त्याच्याच आगारात रिकाम्या हातानं बसवणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. मला त्या दिवशी भाऊंची फार कीव आली. आणि थोडी भीतीही वाटली, कारण दुसरा कोणी ड्रायव्हर माझी बडबड ऐकून घेत नाही.

भाऊ जिद्दीचा माणूस. त्यांनी काय ठरवलं? गावाच्या ताटाला नाही म्हणता येत नाही, मग आपल्या हातात काय आहे? दिवस. दिवसाचं जेवण बंद! हॉटेलातलं ताट बंद, पोहे-तर्री बंद. सकाळपासून फक्त चहा. मला वाटलं, आता माणूस सुकणार. आणि इथं मोहझरीत काय व्हायचं? दिवेलागणीला गाडीतून उतरलेला सुकलेला चेहरा पाहून बायकांचा जीव तुटायचा. ‘अगं माय, सकाळपासून पोटात काहीच नाही दिसत याच्या!’ मग एका रोडग्याच्या जागी दोन. तुपाची वाटी मोठी. दिवसभर राखलेली सगळी भूक भाऊ रात्री एका बैठकीत फेडायचे, आणि त्यावरच झोपायचे.

महिनाभरानं काटा पाहिला, तर वजन वर! भाऊ चिडून मॅडमना म्हणाले, ‘म्याडम, दिवसभर उपाशी राहून राह्यलो, तरी वजन वाढून राह्यलं. हे शरीरच बेइमान हाय.’

मॅडमनी विचारलं, ‘रात्री काय खाता?’

‘रात्रीच तं खातो.’

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. मॅडम, तेव्हा तुम्हाला हसू आलं होतं आणि तुम्ही ते आवरलं, हे मी पाहिलं होतं. त्याबद्दल आज आभार मानतो, कारण त्या दिवशी कोणी हसलं असतं, तर हा माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढला नसता.

मग मॅडमनी जे समजावलं, ते मी माझ्या डोक्याप्रमाणं सांगतो, चुकलं तर त्यांनी तिथून खूण करावी. शरीराच्या आत एक घड्याळ असतं. डोळ्यांवर उजेड पडला की ते जागं होतं, आणि आपण खातो कधी, यावरही त्याचे काटे फिरतात. दिवसा पोट अन्न घ्यायला तयार असतं, साखर वापरायला अंग तयार असतं. अंधार पडत जातो तसं आतलं काम मंदावतं. मी मॅडमना म्हणालो, ‘म्हणजे गाडी डेपोत धुवायला अन् तपासायला लावली, अन् तेव्हाच कोणी पन्नास प्रवासी चढवले, असं?’ त्या म्हणाल्या, ‘अगदी असं. गाडी धुतलीही जात नाही आणि प्रवासीही पोचत नाहीत.’ तेच जेवण, तेवढंच जेवण. पण दिवसा खाल्लं तर अंग ते खर्चतं, आणि निजायच्या तोंडावर खाल्लं तर साठवून ठेवायला पाहतं. शिवाय दिवसभर उपाशी राहिलेला माणूस रात्री मोजून खातच नाही. मग झोप बिघडते, दुसऱ्या दिवशी भूक भलत्याच वेळी लागते, आणि गाडं रुळावर येतच नाही. नुसती वेळ बदलली की वजन उतरतं असं नाही, काय खातो आणि किती खातो हेही पाहावं लागतं, हे मॅडमनी तेव्हाच बजावलं होतं. गोळ्याही दिल्या होत्या. पण मुळातली गोष्ट ही: सकाळी नीट खा, दुपारी खा, आणि संध्याकाळचं जेवण दिवेलागणीलाच, हलकं.

सोपं वाटतं ना? मग मोहझरीत हे सांगायचं कोणी? मी म्हणालो, मी सांगतो. भाऊंनी मला दम दिला. म्हणाले, ‘लोक जीव लावून जेवू घालते. ताटावर बसून त्यायले घड्याळ दाखवू काय?’ आणि दुसऱ्याच मुक्कामाला त्यांनी सोपा मार्ग काढला. पोट बिघडलं म्हणून सांगितलं आणि गाडीत जाऊन झोपले.

आता नशीब पाहा. त्या दिवशी पाळी होती जैबुनबी खालांच्या घरची.

सकाळी मी गाडीत तिकीट मशीन लावत होतो. प्रवासी बसले होते. भाऊ स्टेअरिंगवर. तेवढ्यात खाला आल्या, हातात फडक्यानं झाकलेलं ताट. ड्रायव्हरच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि वर पाहून हळू विचारलं, ‘बेटा, सच बोल. आमच्या घरचं चालत नाही काय तुले?’

मंडळी, मी मागं उभा. याच माणसाबरोबर मी इतकी वर्षं एका डब्यातून जेवलो आहे. त्याच्या मनात तसलं काही येणं शक्य नाही, हे मला ठाऊक होतं. पण खालांना कसं ठाऊक असणार? त्यांनी रात्रभर काय काय मनात आणलं असेल? प्रेमसिंगभाऊ खाली उतरले. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, ‘खाला, असं मनात आलं तर माझी जीभ झडन.’ आणि मग सगळं सांगितलं. साखर, वजन, तपासणी, तीन महिने. ‘मी कोनाच्याच घरी नाही म्हनू शकत नाही, अन् खाल्लं तर गाडी जाते. काय करू, तुमीच सांगा.’

खालांनी फडकं बाजूला केलं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, अंड्याचं कालवण. म्हणाल्या, ‘मंग आत्ता खाय. आत्ता तं दिवस हाय.’

आणि भाऊ तिथंच, गाडीच्या पायरीवर बसून, सगळ्या गाडीदेखत जेवले. एकाही प्रवाशानं ‘चला, उशीर होते’ म्हटलं नाही. उलट मागून कोणीतरी विचारलं, ‘खाला, कांदा हाय का, का आणू?’ साहेब, ती गाडी त्या दिवशी उशिरा का सुटली, याचा खुलासा तेव्हा आम्ही टायरवर ढकलला होता. खरं कारण हे. आता निवृत्तीच्या दिवशी मेमो देता येत नाही, म्हणून सांगून टाकलं.

त्या गाडीतून बातमी उमरखेडपर्यंत गेली आणि संध्याकाळच्या फेरीनं परत गावात आली. पुढच्या मुक्कामाला आम्ही उतरलो, तर मंदिराच्या ओट्यावर मंडळी बसलेली. विषय एकच: ड्रायव्हरला दिवेलागणीला जेवू घालायचं. पण पाहुणा एकटा कसा जेवणार? म्हणजे घरच्या माणसानंही तेव्हाच जेवायचं. म्हणजे भजन?

पुंडलिकराव, रागावू नका, तुमचंच बोलणं सांगतो. ते म्हणाले, ‘भजनाच्या आंधी जेवन? बापजाद्यायनं कधी केलं नाही.’

कोकिळाकाकू पदर सावरत म्हणाल्या, ‘तुमच्या बापजाद्यायनं एसटी तरी कुठं पाह्यली होती?’

सगळे हसले, पण पुंडलिकराव हलेनात. त्यांची अडचणही खरी होती. देवाच्या आधी पोटाला घालायचं, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं, आणि श्रद्धेची गोष्ट चेष्टेत उडवावी असं मला कधी वाटत नाही. तेव्हा जैबुनबी खाला बोलल्या, ‘भाऊ, आमी दिवसभर रोजा ठेवतो. सूर्य बुडाला का आधी खजूर तोंडात, मंग नमाज. अल्लानंच सांगतलं, भुकेल्याले थांबवू नका. तुमचा देव काय येगळा हाय?’

पुंडलिकरावांनी शेजारचे टाळ उचलून मांडीवर घेतले. मग म्हणाले, ‘ठीक हाय. पन टाळ वाजवताना मले ढेकर आला, तं कोनी हसाचं नाही.’

झालं! गावाचा ठराव झाला. गाडी आली की हात-पाय धुवायचे आणि पानावर बसायचं. रोडग्यांच्या जागी एक भाकर, मुगाचं वरण, पालेभाजी. चहा-चिवडा बंद. आणि सकाळी पहिल्या फेरीआधी पोटभर न्याहारी, ती मात्र कोणी कमी केली नाही. दुपारचा डबाही गावच बांधून द्यायला लागलं. हॉटेलवाल्यानं भाऊंना विचारलं, ‘आमच्याकडचं आवडत नाही का आता?’ भाऊ म्हणाले, ‘आवडते, म्हनूनच नाही खात.’

सगळं सुरळीत झालं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. पोळ्याच्या दिवशी भाऊंनी किती पुरणपोळ्या खाल्ल्या, ते मी सांगणार नाही. मॅडम समोर बसल्या आहेत. गावातली काही घरं गाडी मुक्कामाला नसली की जुन्याच वळणावर जातात. नावं घेत नाही, ट्रॉलीवर बसून हसताहेत. पण पुंडलिकरावांची जळजळ थांबली, हे ते स्वतः सांगतात. भजनही लांबलं, कारण आता मागं जेवायची घाई नाही. आणि भाऊंचं वजन हळूहळू, रुसल्यासारखं का होईना, उतरायला लागलं.

जेवण झालं की तलावाच्या पाळीवरची ती चक्कर मात्र भाऊंनी कधी सोडली नाही. आम्हाला वाटायचं, शतपावली. मॅडमना सांगितलं तर त्यांनी शाबासकी दिली.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. त्या दिवशी जमनीभाभीही आल्या होत्या. साखर आटोक्यात, रक्तदाब ठीक, वजन उतरलेलं. मॅडमनी लिहून दिलं: गाडी चालवण्यास योग्य. भाऊंनी तो कागद माझ्या हातात दिला आणि माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

मग मॅडमनी सहज भाभींना बसवलं, त्यांचाही रक्तदाब पाहिला. कपाळाला आठी पडली. विचारलं, ‘तुम्ही संध्याकाळी कधी जेवता?’

भाभी म्हणाल्या, ‘यायचा फोन आला का मंग.’

‘कसला फोन?’

तेव्हा आम्हाला कळलं. गावात रेंज नाही. रेंज मिळते ती तलावाच्या पाळीवर. भाऊ दर मुक्कामाला तिथं जाऊन घरी एकच गोष्ट सांगायचे: मी जेवलो, आता तू जेव. तो निरोप आल्याशिवाय भाभींनी कधी घास तोंडात घातला नाही. नवरा जेवल्याशिवाय जेवायचं नाही, ही त्यांच्या सासूची शिकवण. आम्ही इथं गाव पेंगेपर्यंत ओट्यावर बसायचो, तेव्हा लांब तांड्यावर ही माउली झाकलेल्या ताटाशी बसलेली असायची. डॉक्टर, वाहक, अख्खं गाव, सगळे या एका माणसाच्या ताटाकडं पाहत होतो. त्या ताटाला बांधलेलं दुसरं ताट आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही.

भाभींना ठरावाबिरावाचं काहीच माहीत नव्हतं. त्या मॅडमना इतकंच म्हणाल्या, ‘आता फोन लवकर येते. मले वाटलं, गाडी लवकर पोचून राह्यली.’

बंधू-भगिनींनो, मोहझरीनं एका ड्रायव्हरचं स्टेअरिंग वाचवलं, याबद्दल आमचं आगार तुमचं ऋणी आहे. पण तुम्ही न पाहिलेल्या एका घरी, न पाहिलेल्या एका बाईला तुम्ही वेळेवर जेवू घातलंत, हे तुम्हाला आज कळावं, म्हणून मी एवढा वेळ घेतला. भाऊ, आज सकाळी तुम्ही शेवटची फेरी केली. ड्रायव्हर म्हणून उतरलात, स्वतःच्या पायांनी उतरलात. मला अभिमान वाटतो, आणि उद्यापासून त्या सीटवर दुसरं कोणी बसलेलं पाहून वाईटही वाटणार आहे. ते लपवत नाही.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, मांडव घालणाऱ्यांचे, सकाळपासून चुलीपुढं असलेल्या माय-बहिणींचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाच्या मानाला धक्का लागला असेल, तर वाहकाची तोंडाळ सवय समजून पदरात घ्यावं.

पानं मांडून झाली आहेत, भजन मागाहून आहे. भाऊ, तुम्ही भाभींच्या शेजारी बसा, पण हात लावू नका. पुंडलिकराव, तुम्हीही थांबा. भाभी, आज कोणाच्या फोनची वाट पाहू नका. पहिला घास तुम्ही घ्या. तुम्ही जेवायला लागल्याशिवाय या गावात आज कोणी जेवणार नाही.